एकाच गाण्याने बाकी सगळं झाकोळून टाकलेला, तुमच्या मते सर्वांत दुर्दैवी बँड कोणता?

चंबावंबा. नाव वाचून चंबूगबाळं आठवलं तर आठवू द्या, मलाही पहिल्यांदा तेच आठवलं होतं.

या प्रश्नाला बरेच जण 'आ-हा' या नॉर्वेच्या बँडचं नाव देतील. पण त्यांना दुर्दैवी म्हणणं मला पटत नाही. ब्रिटनमध्ये त्यांचं 'टेक ऑन मी' दुसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं. पहिल्या क्रमांकावर गेलं ते 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही', वेगळंच गाणं. चंबावंबाची गोष्ट तशी नाही. त्यांचं १९९७ चं 'टबथंपिंग' सोडून दुसरं एकही गाणं सांगू शकेल असा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

माझी या गाण्याशी ओळख १९९८ च्या मे महिन्याच्या सुट्टीनंतर कधीतरी ठाण्याला मामाकडे झाली. मामेभावाच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर 'वर्ल्ड कप ९८' नावाचा फुटबॉलचा गेम होता, आणि तो सुरू झाला की हे गाणं वाजायचं. गेम आम्हाला धड खेळता यायचा नाही, म्हणून गाणंच पुन्हा पुन्हा ऐकायचो. कोणीतरी पडतंय आणि परत उठतंय, एवढंच कळायचं. भावाने मामीला अर्थ सांगितला तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पडतो काय, उठतो काय, याला काही कामधंदा आहे की नाही?"

कामधंदा भरपूर होता, आम्हाला पत्ता नव्हता इतकंच.

ही मंडळी १९८२ पासून एकत्र होती. इंग्लंडमधल्या लीड्सच्या आर्मली भागात एका रिकाम्या पडलेल्या घरात घुसून राहायची, कमाई वाटून घ्यायची, आणि राजकारण म्हणाल तर सरळसरळ अराज्यवादी. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात ती संपवाल्यांच्या बाजूने उभी होती. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड'च्या मैफलींचं जगभर कौतुक चाललेलं असताना १९८६ मध्ये यांनी पहिला अल्बम काढला, त्याचं नावच 'भुकेल्या मुलांच्या फोटोंवर रेकॉर्ड खपतात' अशा अर्थाचं. म्हणजे गाजलेल्या गाण्याआधी पंधरा वर्षांचा संसार झालेला होता.

आणि मग त्यांनी ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. ज्या कंपनीच्या निषेधार्थ १९८९ मध्ये निघालेल्या संग्रहात यांनी स्वतः गाणं दिलं होतं, तीच ही कंपनी! जुने चाहते जे भडकले ते अगदी रास्तच होतं. मीही त्यांच्यात असतो तर भडकलो असतो.

'टबथंपिंग'चा मूळ अर्थ पिंप बडवत चौकात भाषण ठोकणं. पण मधल्या ओळींत दारूच्या प्रकारांची यादी येते, त्यामुळे जगाने ते पिऊन नाचायचं गाणं ठरवलं. अल्बममधलं गाणं मात्र 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटातल्या भाषणाने सुरू होतं. बंद पडणाऱ्या खाणीच्या बँडचा म्हातारा मास्तर म्हणतो, आजवर मला संगीत फार मोठं वाटायचं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यातून नेमका हाच तुकडा गायब होता. आपल्याकडे 'माझी मैना गावावर राहिली' ऐकताना कित्येकांना ती नुसती विरहाची छक्कड वाटते, मागचा संयुक्त महाराष्ट्राचा लढा डोक्यातही येत नाही. तसंच काहीसं.

गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या, अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेलं, ऑस्ट्रेलियात तर पहिल्या. पुढचं 'अ‍ॅम्नेशिया' (म्हणजे विस्मरण) ब्रिटनमध्ये पहिल्या दहात येऊनही विसरलं गेलं. नावाला जागलं बिचारं.

आता 'दुर्दैवी' या शब्दाकडे येतो. मला तो खटकतो, कारण मिळालेल्या प्रसिद्धीचा यांच्याइतका चोख वापर कोणी केलेला मी पाहिला नाही. फेब्रुवारी १९९८ च्या ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांनी याच गाण्याचे शब्द बदलून सरकारने लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना वाऱ्यावर सोडल्याचं सुनावलं, आणि बँडमधल्या डॅनबर्ट नोबेकनने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉटच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं. २००२ मध्ये जनरल मोटर्सने जाहिरातीसाठी त्यांचं दुसरं एक गाणं घेतलं. मिळालेले एक लाख डॉलर यांनी इंडीमीडिया आणि कॉर्पवॉच या संस्थांना देऊन टाकले, आणि तेही जनरल मोटर्सच्याच कारभाराचे वाभाडे काढायला. 'टबथंपिंग' गाजलं नसतं तर त्या कंपनीने यांना दारात तरी उभं केलं असतं का?

आणखी एक किस्सा सांगायलाच हवा. २००५ मध्ये त्यांनी खाणकामगारांचा संप मोडून काढणाऱ्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरच्या मृत्यूनंतर पाठवायची एक छोटी सीडी तयार करून ठेवली. लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि वाट पाहत बसले. बँड २०१२ मध्ये बंद झाला, बाई एप्रिल २०१३ मध्ये गेल्या, आणि सीड्या ठरल्याप्रमाणे टपालाने रवाना झाल्या. असली चेष्टा मला थोडी कडूच वाटते, पण शब्द पाळला हे खरं.

ऐकायचंच असेल तर 'इंग्लिश रेबेल साँग्ज' ऐका. १९८८ चा अल्बम, २००३ मध्ये त्यांनी तो नव्याने गाऊन वाढवला. वाद्यं जवळपास नाहीतच, नुसते एकमेकांत मिसळणारे गळे, हेडफोन लावले तर श्वास घेतल्याचंही ऐकू येतं. 'टबथंपिंग'वाली हीच माणसं, यावर पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. सुरुवात 'द कटी रेन'ने होते. काही जण हे गाणं इंग्लंडमधल्या १३८१ च्या शेतकरी उठावाशी जोडतात. त्यात मुठीत मावेल एवढ्या पाखराला मारायला बंदुका आणि तोफा आणतात, घरी न्यायला गाड्या जुंपतात, आणि शेवटी त्याच्या बरगड्या गरिबांना वाटतात.