यात्रेच्या गर्दीत पहिल्यांदाच ओपीडी सांभाळताना

सगळ्यात आधी एक कर, केसपेपरच्या खिडकीच्याही अलीकडे एक अनुभवी सिस्टर उभी कर. नाव-पत्ता नंतर. आधी माणसाचा चेहरा, श्वास, चाल बघायची. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत झालाच पाहिजे, मग टोकन कितवं का असेना. उन्हातून आलेला बरळतोय आणि अंग 40 अंशांच्या वर तापलंय, तर उष्माघात समज. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही. पाणी, पंखा, बर्फ, जे हाताशी असेल त्याने लगेच गार करायला घे.

रांग खरी तुंबते ती पायाच्या फोडांनी. ड्रेसिंगचं टेबल बाहेरच मांड. मधुमेह्याचा फोड मात्र डॉक्टरांनाच दाखव. बीपी-शुगरच्या गोळ्या घरी विसरलेल्यांची खिडकीही वेगळी ठेव.

टोकनवर सोबत्याचा मोबाइल नंबर लिहून घे. पहिल्या वर्षी मला हे सुचलंच नव्हतं, नावं पुकारून घसा बसला होता! आणि हो, जुलाबाचे बरेच रुग्ण एकाच मुक्कामावरचे निघाले, तर साथरोगवाल्यांना त्याच दिवशी कळव, म्हणजे तिथलं पाणी तपासता येईल.