पहिल्यांदाच चर्चमध्ये उपासना चालवायची आहे. गाणी निवडली, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गळा बरा आहे, गिटार येते, तीन आठवड्यांनी रविवारची उपासना चालवायची आहे, पण गाणी निवडल्यावर नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आधी कसोटी ठरवून घ्या. उपासना नीट चालली का, हे शेवटच्या बाकावरचा माणूस गातोय का आणि 'आमेन' म्हणतोय का, यावरून ठरतं. जस्टिन मार्टर या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 155च्या सुमारास रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: शास्त्रवाचन, बोध, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. पुढे असलेला माणूस प्रार्थना करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात, हे त्याने आवर्जून नोंदवलं आहे. मंडळीचा, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांचा, वाटा तेव्हापासून ठरलेला आहे.

निवडलेली गाणी जरा बाजूला ठेवा आणि पाळकांना तीन गोष्टी विचारा: त्या दिवशीचा शास्त्रभाग कोणता, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आहे का, आणि कोणते भाग तुम्ही म्हणायचे नाहीत. क्षमेची घोषणा आणि आशीर्वाद अनेक संप्रदायांत दीक्षित पाळकच देतात. तुमच्याकडे छापील उपासनाक्रम असेल तर त्याची मोडतोड करू नका. नसेल तर यशया 6 उघडा. देवाचं पावित्र्य दिसतं, माणूस आपली अशुद्धता कबूल करतो, निखाऱ्याने ओठ शुद्ध होतात, वाणी ऐकू येते, आणि मग 'मला पाठव'. स्तुती, पापांगीकार (पापांची कबुली), क्षमा, वचन, पाठवणी हा क्रम त्यातून सरळ निघतो. गाणी या टप्प्यांवर बसवा. सव्वा तासाच्या उपासनेत चार-पाच गाणी पुरतात. सगळी एकाच आनंदी सुरातली नकोत. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं. मंडळीत त्या आठवड्यात कोणी दुःखात बसलेलं असतंच.

आता पट्टी, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात गायचं ते. लोक गात नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि नवशिके नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. सर्वसाधारण मंडळीला झेपणारी चाल मधल्या सीच्या (कीबोर्डच्या मध्यावरच्या सी स्वराच्या) खालच्या ए पासून वरच्या सप्तकातल्या डी पर्यंत असते. पुरुष हेच एक सप्तक खाली गातात. वरच्या ई ला एखाद्या वेळी स्पर्श झाला तर चालतो, पण ध्रुपद चार ओळी डी-ई वरच रेंगाळत असेल तर दुसऱ्या कडव्यापर्यंत लोक दमतात आणि ओठ हलवत उभे राहतात. रेकॉर्डिंगमधली पट्टी उंच आवाजाच्या गायकासाठी ठरवलेली असते, ती तशीच उचलू नका. समजा गाणं बी मध्ये आहे आणि त्याचा सर्वांत वरचा स्वर एफ शार्प आहे. चार अर्धस्वर (कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या मिळून लागोपाठच्या चार पट्ट्या) खाली या: गाणं जी मध्ये येतं आणि वरचा स्वर डी होतो. सकाळच्या उपासनेत आवाज मोकळे झालेले नसतात, तिथे आणखी एक अर्धस्वर उतरवलं तरी बिघडत नाही. तुमच्या स्वतःच्या गळ्याला ती पट्टी खालची वाटेल. वाटू द्या. पहिलं कडवं खाली आणि ध्रुपद एकदम एक सप्तक वर, अशी गाणी ऐकायला झकास असतात, पण मंडळीतले निम्मे लोक त्या उडीत हरवतात. एकच सप्तक धरा.

लय ठरवताना ज्या ओळीत शब्द सगळ्यात दाट आहेत ती ओळ मनात म्हणा. ती सुखाने म्हणता येईल तीच गाण्याची लय. मेट्रोनोमचा (ठोके मोजून देणाऱ्या यंत्राचा किंवा अ‍ॅपचा) आकडा वहीत लिहा आणि सुरू करण्याआधी मनात मोजा, कारण घाबरलेला माणूस हमखास घाईत सुरू करतो. पुढे उलट अडचण येते, गाणं रेंगाळायला लागतं. याचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. शेवटचा बाक 20 मीटरवर असेल तर तुमचा आवाज तिथे पोचायला आणि त्यांचा परत यायला मिळून 0.12 सेकंद जातात. तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात की ते आणखी मागे पडतात, तुम्ही पुन्हा थांबता, आणि चार कडव्यांत गाण्याची पालखी होते. उपाय एकच: मंडळीच्या मागून येणाऱ्या आवाजाकडे कान न देता आपली लय धरून ठेवायची. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गाण्याविषयी जे नियम छापले त्यातही तालात गा, पुढे धावू नका, मागे राहू नका, असं बजावलेलं आहे. म्हणजे हे दुखणं जुनंच.

सुरुवात कशी करायची? वाद्यावर चालीची शेवटची ओळ वाजवा, म्हणजे लय आणि पट्टी दोन्ही कानात बसतात. नंतर लोकांकडे बघून दिसेल असा श्वास घ्या, मान किंचित वर उचला. तो श्वास हाच त्यांचा इशारा. डोळे मिटून, वहीत मान घालून सुरू केलंत तर पहिली ओळ तुम्ही एकटेच गाता. मंडळीने सूर धरला की ध्रुपदाला मायक्रोफोनपासून हातभर मागे सरका. शेवटचं ध्रुपद एकदा वाद्यांशिवाय होऊ द्या. लोकांना स्वतःचा आवाज ऐकू आला की तो वाढतो. स्पीकरने तो झाकला की माणसं श्रोते होतात.

नवं गाणं एका रविवारी एकच, आणि ते सुरुवातीला ठेवू नका. आधी टीमने पूर्ण गावं, मग ध्रुपद मंडळीकडून दोनदा, मग सगळं. पुढचे दोन रविवार तेच परत घ्या. एकदाच गाऊन सोडलेलं गाणं महिन्याने पुन्हा नवंच असतं.

शब्द दाखवणाऱ्याला गाण्याचा नकाशा लेखी द्या: कडवं 1, ध्रुपद, कडवं 2, ध्रुपद दोनदा. स्लाइड शेवटचे दोन-तीन शब्द उरले असतानाच बदलायची. ओळ संपल्यावर बदलली तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द कोणालाच मिळत नाही. एका स्लाइडवर चार ते सहा ओळी, आणि ओळ तिथेच तोडायची जिथे श्वास घेतला जातो. गीतपुस्तक असेल तर क्रमांक दोनदा सांगा आणि पानांची सळसळ थांबेपर्यंत थांबा.

आता बोलण्याविषयी. दोन गाण्यांच्या मधली वाक्यं आधी लिहून काढा, एक किंवा दोनच, आणि पाठ करा. न लिहिलेलं बोलणं फुगत जातं आणि पाळकांच्या आधी एक छोटा उपदेश होऊन बसतो. 'आवाज येत नाही, जरा जोरात!' हे कधीच म्हणू नका. आवाज येत नसेल तर पट्टी उंच आहे, गाणं अनोळखी आहे किंवा स्पीकर मोठा आहे, आणि तिन्ही गोष्टी तुमच्याच हातातल्या आहेत. उभं राहायला सांगताना 'ज्यांना जमेल त्यांनी' एवढं म्हणालात की म्हाताऱ्या माणसांची कुचंबणा होत नाही.

प्रार्थनेत मराठीचा एक बारकावा सांभाळा. मंडळीशी बोलताना 'आपण': 'आपण प्रार्थना करू या.' देवाशी बोलताना 'आम्ही': 'आम्ही तुझ्यापाशी येतो.' प्रार्थनेच्या मध्येच 'आपण तुझ्यापाशी येतो' असं निघालं तर त्या 'आपण'मध्ये देवही आला, आणि तुम्ही नेमकं कोणाशी बोलताय ते ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. 'मी'सुद्धा टाळा, कारण तुम्ही सगळ्यांच्या वतीने उभे आहात. सुचेनासं झालं की तोंडात 'हे प्रभू, हे प्रभू' येतं; तिथे सरळ गप्प राहिलेलं बरं. मध्यस्थीच्या प्रार्थनेला तीन-चार मिनिटं पुरेत: जग, सत्तेवर असलेले, मंडळी, आजारी, शोकात असलेले. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी त्याला किंवा घरच्यांना विचारा. आजाराचा तपशील तर नकोच.

पापांगीकाराच्या वेळी 20 ते 30 सेकंद शांतता ठेवा, मनात मोजून. 'काही क्षण शांत राहू या' असं आधी सांगितलं नाही तर लोकांना वाटतं तुम्ही ओळ विसरलात. त्या वेळी खाली कीबोर्डचे सूर चालू ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. तिथे वाद्य बंदच असावं.

सरावाला दीड तास ठेवा आणि तो सुरुवाती, शेवट आणि एका भागातून दुसऱ्यात जाण्याचे सांधे यांवरच खर्च करा. मधलं सगळ्यांना येतच असतं. मायक्रोफोन तोंडापासून पाच-सात सेंटीमीटरवर धरा. त्याची जाळी मुठीत झाकली किंवा तो स्पीकरकडे वळवला तर शिट्टी वाजते.

त्या दिवशी काहीतरी बिनसणारच. पट्टी चुकली तर पहिल्याच ओळीला थांबा, सूर घ्या, पुन्हा सुरू करा, माफीचं भाषण नको. शब्द विसरलात तर मायक्रोफोनपासून मागे व्हा, मंडळी गाणं पुढे नेते. वीज गेली तर वाद्यांशिवाय गाता येईल असं, सगळ्यांना पाठ असलेलं एक गाणं खिशात ठेवा. उपदेश लांबला तर कोणतं गाणं गाळायचं ते आधीच ठरवून टीमला सांगा. कडवी गाळणार असाल तर अर्थ वाचून गाळा. सवयीने तिसरं कडवं सोडणारे बरेच आहेत, आणि ज्या गीतात पहिलं कडवं पित्याला, दुसरं पुत्राला आणि तिसरं पवित्र आत्म्याला असतं, तिथे ते पवित्र आत्म्यालाच गाळून मोकळे होतात.

घरी गेल्यावर वहीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, लय आणि मंडळी कुठल्या ओळीला गप्प झाली ते लिहा. पुढच्या वेळी पट्टी किती अर्धस्वर उतरवायची ते त्या ओळीवरून कळेल.