घुबडावरचा घाव

सप्रेम आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या ग्रीक नाण्याचे फोटो काल रात्री मोठे करून पाहिले. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड आणि घुबडाच्या डोक्यातच छिन्नीचा खोल घाव. दुकानदार त्याला ‘खराब माल’ म्हणतो म्हणून तू मागे हटतो आहेस. हटू नकोस.

अथेन्सचं हे चार द्राख्मांचं (द्राख्मा हे तिथलं चलन) नाणं म्हणजे साधारण 17.2 ग्रॅम चांदी. व्यापाराबरोबर ही नाणी इजिप्त आणि सीरियाच्या किनाऱ्यापर्यंत गेली. तिथे चांदी तोलून घेत. देवी कोणती याच्याशी तिथल्या सराफाला कर्तव्य नव्हतं, आत काय आहे एवढंच त्याला पाहायचं होतं. कारण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणीही हातोहात फिरत होती. म्हणून छिन्नी.

खुद्द अथेन्समध्ये तर यासाठी कायदाच होता, निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला, ख्रिस्तपूर्व 375 च्या सुमाराचा. त्याचा शिलालेख 1970 मध्ये तिथल्या जुन्या बाजारचौकात सापडला. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसे आणि तो गुलाम असे. आत तांबं किंवा शिसं निघालं, तर त्याने नाणं तिथल्या तिथे कापायचं आणि ते देवमातेच्या नावे जमा व्हायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं एखाद्या विक्रेत्याने नाकारलं, तर त्या दिवशीचा त्याचा सगळा माल जप्त. कामात कसूर झाली तर पारख्याला 50 फटके. एका गुलामाच्या नजरेवर सगळ्या बाजाराचा भरवसा होता! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढे वाचूच शकलो नाही.

तुझ्या वयात माझ्यासमोरही दोन घुबडं होती, एक कापलेलं, एक निष्कलंक. मी निष्कलंक घेतलं. दोन पावसाळ्यांनी त्याच्या कडेला हिरवं फुटलं. आत तांबं होतं. कापलेल्या नाण्याने आपली चांदी उघडून दाखवली होती आणि मी त्या घावालाच खोट समजलो.

तेव्हा आधी वजन कर. मग भिंगाखाली घावाच्या आत बघ. आतही बाहेरच्यासारखीच जुनी कळा असेल तर घाव जुना, लखलखीत असेल तर अलीकडचा. लालसर किंवा हिरवट दिसलं तर समजून जा. पण काहीही झालं तरी नाणं घासू नकोस. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच.

घावापेक्षा नाण्यावर नंतर मारलेल्या छोट्या ठशांची कोडी अवघड. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या पँफिलियातल्या सिदे शहराच्या नाण्यांवर ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात धनुष्याच्या भात्याचा ठसा आणि शेजारी पर्गामनसारख्या शहराच्या नावाची आद्याक्षरं मारलेली दिसतात. ठसा मारणाऱ्या शहराने परक्या नाण्याला आपल्याकडे चालायची मुभा दिली, असा अंदाज करता येतो. पण नेमकी सिदेचीच नाणी का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तूही घाल, मात्र भरपूर नाणी पाहिल्यावर.

जुन्या छापावर नवी छाप बसलेली नाणी हा माझा सर्वांत आवडता प्रकार. दक्षिण इटलीतल्या मेटापाँटमने कॉरिंथची नाणी घेऊन त्यांवर आपलं जवाचं कणीस उमटवलं. उजेड तिरका पाड, नाणं हळूहळू फिरव. कणसाखालून कधीकधी कॉरिंथच्या पंखवाल्या घोड्याची एखादी रेघ वर येते. हे बघायला डोळा तयार करायचा तर आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीची नाणी पाहा. 1906 मध्ये तिथे 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. शक राजा नहपानाचा चेहरा, त्याभोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेली आपली चिन्हं. पुष्कळ नाण्यांवर हरलेला आणि जिंकलेला दोघेही एकदम दिसतात.

नाणं कुठून आलं ते दुकानदाराकडून लेखी घे. तो टाळाटाळ करू लागला तर उठून ये.

रविवारी दोन दशांशांपर्यंत वजन आणि घावाचा तिरक्या उजेडातला फोटो पाठव. घुबडाचा डावा डोळा मला नीट दिसला नाही, तोही जवळून काढ.