सीझन होऊ दे, मग बघू

ताई, टीव्हीवरच्या स्पर्धेतून आल्यापासून भाऊ रोज 'घसा मोकळा करायला' घेतो, आणि घरात त्याला बोलायची कोणाची टाप नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा धाकटा भाऊही गातो. त्यामुळे दारू वाईट वगैरे तुम्हाला सांगत बसत नाही.

लोक म्हणतात, प्रसिद्धी डोक्यात गेली. आमच्याकडे उलटं होतं, भीती होती. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात वन्समोअर मिळाला की पुढच्या कार्यक्रमाची धास्ती दुप्पट. स्पीकर दहाला बंद, पण सामान भरून धुळ्याहून नाशिकला यायला रात्रीचे दोन. डोक्यात गाणी चालूच. मग झोपेसाठी क्वार्टर, आणि सकाळी हात थरथरतात म्हणून पुन्हा थोडी.

अडवणार कोण? तारखा मीच घेत होतो. ढोलकीवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत नऊ घरं त्याच्या गळ्यावर चालायची. "लग्नसराई होऊ दे, मग बघू," असं मी दोन वर्षं म्हणालो. मायकल जॅक्सन २००९ मध्ये लंडनच्या ५० शोंच्या तयारीत गेला. झोप लागावी म्हणून त्याला भुलेचं प्रोपोफॉल देणारा डॉक्टरही त्याच शोंसाठी नेमलेला होता. आमचं प्रकरण छोटं, पण जात तीच.

माझी घोडचूक मात्र वेगळीच. नाव जाईल म्हणून डॉक्टरकडे नेलंच नाही. गंगापूर रोडच्या घरी वरच्या खोलीत कोंडलं, बाटली एकदम बंद. घाम, थरथर, उलट्या. मला वाटलं नाटकं करतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे फिट आली. घाबरून मी तोंडात चमचा घातला, त्याचा पुढचा दात गेला. (फिटमध्ये तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा.) दवाखान्यात तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर प्रेक्षक दिसायला लागले, माईक मागत होता. डॉक्टरांनी मला झाप झाप झापलं. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, दारू औषधं देऊन देखरेखीखाली सोडवतात. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. तुमचा भाऊ काय काय घेतो ते डॉक्टरांना सगळं सांगा, लाजू नका.

पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. नाव घेत नाही. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या लोकांनी सेल्फी काढले, गायला लावलं, आणि सकाळी तो व्हिडिओ आयोजकांच्या ग्रुपवर! चौथ्या दिवशी हा बॅग घेऊन दारात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा रुग्णही येतो आणि त्याला गोपनीयतेचा हक्क आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा केंद्राची नोंदणी बघाच, रात्री डॉक्टर असतो का विचारा, आणि कर्मचाऱ्यांच्या मोबाइलचं काय, हेही विचारा. बागबगीचा, योगा हॉल नंतर.

मी डॉक्टर नाही, एका घरापुरता अनुभव आहे. आज रात्री कोणाशी तरी बोलायचंच असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. आणि माझं मत विचाराल तर तीन महिन्यांच्या तारखा आधी रद्द करा, ॲडव्हान्स परत करा. आम्हाला त्यासाठी गाडी विकावी लागली. बायको अजून बोलते.

तुमच्या भावाच्या तारखा घरातलं कोण घेतं, तेवढं लिहा. भावाच्या आधी त्या माणसाशी बोलावं लागेल.