आधी अ‍ॅमीटरचा काटा बघा, मग सुटे भाग आणा

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९९६ ची पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बुलेट ३५० सकाळी दोन-तीन किकमध्ये चालू होते, पण थोडं अंतर गेल्यावर बंद पडते आणि इंजिन गार होईपर्यंत कितीही किक मारा, दाद देत नाही. गाडी रंगवून आणल्यापासून त्रास वाढलाय. प्लग आणि बॅटरी नवीन घातली. आता गॅरेजवाला म्हणतो, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा.

किट वाईट नसतं, पण आत्ता त्यावर पैसे घालू नका. दोष कॉइलमध्ये (प्लगला जास्त व्होल्ट देणाऱ्या भागात) किंवा अर्थिंगमध्ये (बॅटरीकडे करंट परत नेणाऱ्या धातूच्या जोडणीत) असेल तर किट बसवूनही गाडी अशीच रस्त्यात उभी राहील. जुन्या बुलेटला कंपनीने हेडलाइटजवळ अ‍ॅमीटर दिलाय, म्हणजे बॅटरीचा करंट दाखवणारा काट्याचा मीटर; त्याच्याकडे कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. निम्मं निदान तिथेच होतं.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हेडलाइट बंद, चावी चालू. डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक अगदी सावकाश खाली न्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून साधारण ३ ते ४ अँपिअर करंट जातो, त्यामुळे काटा वजा बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की काटा मागे सरकतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पॉइंट एकदाच उघडतात, म्हणून किक सलग काही वेळा फिरवा. काटा असा झुकत-सरकत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग शाबूत आहे.

काटा हललाच नाही तर करंट कुठेतरी अडलाय: फ्यूज, चावीचा स्विच, कॉइलची वायर, नाहीतर पॉइंटवर चढलेला थर. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की हा थर हमखास येतो. साधा कोरा कागद पेट्रोलमध्ये भिजवून पॉइंटच्या फटीतून ओढा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. स्विचचा संशय असेल तर बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून फ्यूज असलेली एक वायर थेट कॉइलच्या सप्लायला लावा. गाडी चालू झाली तर दोषी स्विच किंवा वायरिंग. मात्र ती वायर काढल्याशिवाय इंजिन चावीने बंद होणार नाही, हे ध्यानात असू द्या.

काटा वजा बाजूलाच अडकून राहिला तर उजव्या बाजूचं पॉइंटचं गोल झाकण काढा आणि पॉइंटच्या मध्ये कागदाचा तुकडा धरा. तरीही काटा परत येत नसेल तर कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा भाग) शॉर्ट झालाय किंवा पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय.

आता तुमचा खरा प्रश्न, गरम झाल्यावर बंद पडण्याचा. हे घरी उभ्या गाडीवर सापडत नाही. जवळ एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर ठेवा. गाडी जिथे बंद पडेल तिथेच, लगेच, आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मग गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. त्याचं लक्षण अगदी तुम्ही लिहिलंय तसंच असतं, आणि लोक उगाच इलेक्ट्रिकलच्या मागे लागतात.

तसं नसेल तर टाकीचं झाकण लावून, प्लगच्या वायरच्या कॅपमध्ये जादा प्लग बसवा, सिलेंडरच्या फिनला (बाहेरच्या धातूच्या पात्याला) टेकवा आणि किक मारा. इंजिनावरचा प्लग जागेवरच राहू द्या, उघड्या भोकातून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. निळसर, कडक आवाजाची ठिणगी आली तर इग्निशनला सोडा, कार्बोरेटर बघा. काटा नीट हलतोय पण ठिणगी पिवळी, मरगळलेली, आणि पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडतेय, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर. तो पॉइंटजवळ इंजिनाच्या उष्णतेतच बसलेला असतो आणि तापल्यावर दगा देतो. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा चांगला कंडेन्सर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवर लावा, त्याची बॉडी अर्थला. तिथे तो गारही राहतो. तरीही ठिणगी मरगळलेलीच असेल तर प्लग कॅप बदलून बघा, मग कॉइल. कॉइल गार असताना मीटरवर ठीक दाखवते आणि तापली की आतली तार तुटते, म्हणून ती गरम असतानाच मोजा. १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स ३ ते ४ ओहम असतो.

रंगाचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पावडर कोटिंग झालेल्या चासीवर बोल्टखाली रंग राहतो आणि इंजिनाची अर्थ कच्ची होते. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. चावी चालू, पॉइंट मिटलेले. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर बॅटरीच्या अर्थपासून थेट इंजिनाच्या बोल्टला एक जाड वायर टाका. हे काम दोष सापडो न सापडो, करूनच घ्या. चाचणी झाली की चावी बंद करा. पॉइंट मिटलेले असताना ती चालू राहिली तर कॉइल तापून जळते.

शेवटी पॉइंटचा गॅप. पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, म्हणजे १५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास. फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं, म्हणून गॅप बदलला की टायमिंग तपासा.

रस्त्यात बंद पडली की काटा कुठे थांबला आणि ठिणगीचा रंग कसा होता, एवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.