शेवटच्या चित्रात आजीचं काय करायचं?

चिमे,

काल रात्री झोपताना तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी "उद्या सांगतो" म्हणून दिवा घालवला. खरं म्हणजे मला काही सुचतच नव्हतं. आज माझी ड्युटी दुपारची आहे आणि तू शाळेत आहेस, म्हणून लिहायला बसलोय. अडेल तिथं आईकडून वाचून घे.

पहिला प्रश्न वड्याचा. परवा पितृपक्षातल्या अविधवा नवमीला आईनं आजीसाठी खीर, भात, गवारीची भाजी आणि वडा असं पान मागच्या अंगणात ठेवलं. आजी पुन्हा जन्माला आली असेल तर तो वडा कुणासाठी, असं तुझं म्हणणं. दुसरा प्रश्न तुझ्या शाळेच्या सिनेमाचा, मातीच्या बाहुल्या जराजरा हलवून एकेक फोटो काढतेस त्या. मातीची आजी शेवटच्या चित्रात उडून जाते की घरातच राहते?

वड्याचा प्रश्न मीही तुझ्याएवढा असताना साताऱ्याच्या घरी विचारला होता. माझे आजोबा म्हणाले, "आधी ठेव तो बाहेर, गार होतोय." झालं उत्तर! पुढं कधीतरी एका कीर्तनात ऐकलं, की आपण दिलेलं अन्न पितर ज्या जन्मात असतील त्या जन्माच्या खाण्यासारखं होऊन पोचतं. देव झाले असतील तर अमृत, गाय झाली असेल तर गवत, साप झाला असेल तर नुसता वारा. पटो न पटो, तुझ्या सिनेमात हे झकास दिसेल. वड्याचं हळूहळू गवत होतंय! फक्त एका सेकंदाला १२ फोटो म्हणजे मिनिटाला ७२०, तेव्हा वडा लहानच कर.

आता आजी. ती गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि इथं डब्लिनलाच होतीस, म्हणून तुला काही पाहता आलं नाही. दहाव्याला आम्ही सगळे माहुलीला गेलो. साताऱ्यापासून जवळच, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं. मोठमोठे दगडी घाट, जुनी देवळं. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथं दाखवतात. या कुत्र्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. तुझ्या सिनेमात कुत्रा हवाच असेल तर त्या 'कोको' सिनेमातल्यासारखा पंखांचा कशाला? आपला खंड्या घे.

पहिल्या दिवसापासून गुरुजींनी एक खडा बाजूला ठेवला होता. त्याला जीवखडा म्हणतात. काळपट, बटाट्याएवढा, एका बाजूनं चपटा. नदीत असे हजार पडलेले असतात. पण ते दहा दिवस तो खडा म्हणजे आजी. त्याच्यावर तीळ घातलेलं पाणी सोडायचं, त्याच्यासमोर पिंड ठेवायचा. तुला हे विचित्र वाटेल असं मला आधी वाटलं होतं. पण तू ती मातीची बाहुली हातात घेऊन तिच्याशी बोलत होतीस ना, "आजी, जरा मान वर कर"? मी दारातून ऐकलं. तसंच ते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मीही त्या खड्याला सावलीत ठेवायला लागलो होतो.

दहाव्याला भाताचा पिंड मांडला आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही, असं धरतात. झाडावर सात-आठ कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. मग एकेक जण पुढं होऊन, हात जोडून बोलायला लागला. काका म्हणाले, "आई, घर विकणार नाही." कावळे तसेच. आत्या म्हणाली, "आप्पांच्या गोळ्यांचं मी बघते." तरी नाही. मी म्हणालो, "दरवर्षी येत जाईन." (दोनदाच गेलोय, हे तुला माहीतच आहे.) गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा आला नाही तर तो शिववतात. तेवढ्यात शेजारच्या काकू पुढं आल्या.

"वैनी, भिशीचं पैसं समद्यांचं चुकतं केल्यात मी. वही बी माझ्याकडंच हाय."

आजी वीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी चालवायची. ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला हसू फुटलं, आत्या तर रडता रडता हसायला लागली, सगळे मागं सरकलो आणि एक कावळा धप्पकन उतरून भात घेऊन गेला. आम्ही मागं सरकलो म्हणून तो आला, असं तू म्हणशील. म्हण. मलाही बऱ्याचदा तसंच वाटतं. तरीपण काकू ते बोलल्या नसत्या, तर आम्ही सरकलो असतो का?

तेव्हा आजी कावळा झाली का, तर नाही गं. कावळा म्हणजे फार तर पोस्टमन.

नंतर तो खडा मी पाण्यात सोडला. कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. मूठ उघडायला वेळ लागला, गुरुजी दोनदा म्हणाले, "सोडा आता." बुळुक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. मग घाट चढताना मागं वळून बघायचं नसतं. कुणीच बघितलं नाही.

तुझा सिनेमा सुरू झाला तो 'कोको' हा मेक्सिकोतल्या पितरांचा कार्टून सिनेमा बघून. त्यात मेलेल्या हेक्टरची आठवण काढणारं शेवटचं माणूसही विसरायला लागतं आणि तो विरत जातो, तिथं तू माझा हात घट्ट धरला होतास. आपल्याकडे हिशेब वेगळा आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा एवढ्या तीनच पिढ्यांची नावं घेऊन पिंड देतात. त्याच्या आधीच्यांना पिंड नाही. हाताला चिकटलेली शितं दर्भाला पुसतात, तेवढीच त्यांच्या वाटची. माझ्या खापरपणजोबांचं नाव मला ठाऊक नाही. मेक्सिकोवाल्यांच्या हिशेबानं ते केव्हाच विरले असतील. मला विचारशील तर आपली रीत मला जास्त बरी वाटते. माणसानं किती पिढ्या दारात ताटकळायचं? पण झेंडूच्या पाकळ्यांचा तो पूल मात्र मला फार आवडला. दसऱ्याला साताऱ्यात ढिगानं विकायला येतो तो झेंडू मूळचा त्यांच्याच देशातला. समुद्रावरून आपल्याकडे आला आणि आपलाच होऊन बसला.

म्हणून शेवटच्या चित्रात आजीला उडवू नकोस आणि घरातही बसवू नकोस. तिचा खडा कर. मग एक हात, उघडलेली मूठ, पाणी. पाण्यासाठी निळा चकचकीत कागद कपाटात आहे. त्यानंतर घाटाच्या पायऱ्या आणि वर जाणाऱ्या सगळ्यांच्या पाठी. कुणाचा चेहरा करायला नको, म्हणजे तुझं कामही वाचेल. काकूंच्या काखेत भिशीची वही दे, लाल.

कावळ्याचा पाय पुन्हा तुटलाय, तो मी संध्याकाळी तार घालून जोडतो. आणि तू त्याला इथल्या कावळ्यासारखं पाठीपोटाला राखाडी केलंयस. आपल्याकडच्या कावळ्याची फक्त मान राखाडी असते, बाकी काळाच. काळी माती संपली असेल तर चिठ्ठी लिहून फ्रिजवर लाव.

तुझा
बाबा