कॅटफिश आमिष खाऊन जातो, पण गळाला लागत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की रॉडच्या टोकाची घंटी वाजते, झटका दिला की नुसता गळ हातात येतो, आणि आमिषं बदलूनही फरक नाही. आमिष ठीकच असणार, गडबड जोडणीत आणि त्या झटक्यात आहे.

कॅटफिशला चव मिशांवर कळतेच, शिवाय सगळ्या अंगाच्या कातडीवर कळते. गढूळ पाण्यात तो वासाच्या मागावर येतो, आमिष तोंडात घेतो आणि चालू लागतो. तेवढ्यात शिशाचं ओझं जाणवलं की बऱ्याचदा थुंकून टाकतो. म्हणून शिसं गाठ मारून पक्कं करू नका, सरकतं ठेवा. मधोमध भोक असलेलं 20 ते 40 ग्रॅमचं शिसं मुख्य दोरीत ओवा, त्याखाली मणी (नाहीतर शिसं गाठीवर आपटून दोरी झिजते), मग स्विव्हल (दोन्ही टोकांना कडी असलेला फिरता जोड). स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला 30-40 सेंमी दोरी आणि टोकाला गळ. मासा ओढेल तशी दोरी शिशातून निघत जाते. तळाला काटक्या, वेली असतील तर ही शेवटची दोरी निम्मी करा.

एक ते तीन किलोच्या माशाला 20 पौंडी (तेवढा ताण सोसणारी) नायलॉन दोरी आणि 2/0 ते 4/0 मापाचा सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, पुरतो. आमिष लावल्यावर गळाचं टोक आणि टोक-दांड्यामधली पोकळी मोकळी दिसली पाहिजे. गोळा करून सगळा गळ झाकलात तर तो माशाच्या तोंडात रुतणारच नाही. सर्कल हूकला झटका मुळीच द्यायचा नाही, दिलात की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड पूर्ण वाकू द्या आणि शांतपणे रील फिरवत राहा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. साधा गळ असेल तर मात्र झटका हवाच, आणि उशीर केलात तर मासा तो पोटापर्यंत गिळतो.

आमिषाला गांडुळांचा झुपका किंवा ताज्या माशाचा तुकडा घ्या. कोंबडीची कलेजीही चालते, पण फेकतानाच गळून पडते; वर बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे द्या. फ्रीझरमधली कलेजी आणखी पचपचीत होते. अर्ध्या तासाने आमिष बदला, वास धुऊन गेलेला असतो. घंटी नुसती टुकटुक वाजत असेल तर खेकडे नाहीतर बारीक मासळी कुरतडतेय, तिथे माशाचा चिवट तुकडा लावा.

जागा म्हणाल तर डोहाची कड, नदीच्या वळणाची बाहेरची बाजू, पावसानंतर ओढा तळ्याला मिळतो ते तोंड. दिवस मावळल्यानंतरचे दोन तास उत्तम. रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) सैल ठेवायला विसरू नका, मोठा मासा रॉडसकट घेऊन जातो.

मासा धरताना पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांतल्या काट्यांपासून जपा. ते ताठ करून तो जागीच अडकवून ठेवतो, आणि काही जातींच्या काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा. तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टरकडे जा.